कालियादेहचा जलमहाल

उज्जयिनीस जाणारा यात्रेकरू महाकालाचे दर्शन घेतो, रामघाटावर स्नान करतो, वेळ उरल्यास सवाई जयसिंगाची वेधशाळा पाहतो आणि परतीच्या गाडीस लागतो. आमच्या शाळेची सहलही याच वाटेने चालली होती. परंतु शेवटच्या दिवसाची सकाळ मोकळी सापडली, म्हणून आम्ही मुलांना शहराच्या उत्तरेस सुमारे आठ किलोमीटरांवर क्षिप्रेच्या पात्रात असलेल्या कालियादेह महालाकडे नेले. मुलांचा हिरमोड झाला होता, हे कबूल केले पाहिजे. त्यांना बाजार पाहावयाचा होता.

प्रथम नावाविषयी. ‘देह’ या अक्षरांवरून पुष्कळांची समजूत होते की येथे कोणा कालियाचे शरीर पडले असावे. वस्तुतः हा शब्द ‘दह’ असून त्याचे नाते संस्कृत ‘ह्रद’ या शब्दाशी आहे. आपण ज्याला डोह म्हणतो तोच हा. वृंदावनात यमुनेच्या काठी कालियादह आहे. त्याच नावाचा हा क्षिप्रेतील डोह. महाल बांधला जाण्यापूर्वी येथे सूर्याचे देवालय होते अशी परंपरा सांगतात, आणि येथील सूर्यकुंड व ब्रह्मकुंड ही नावे आजही लोकांच्या तोंडी आहेत.

येथे नदी दोन प्रवाहांत विभागते व मध्ये एक बेट तयार होते. त्या बेटावर हा महाल उभा आहे. त्याच्या बांधणीचे वर्ष १४५८ असे सांगितले जाते. तेव्हा माळव्याच्या गादीवर पहिला महमूद खिलजी होता. पाण्याच्या रचनेचे श्रेय मात्र त्याचा नातू नासिरुद्दीन (राज्यकाल १५०० ते १५१०) यास देतात. हा किल्ला नव्हे, आणि रोजच्या दरबाराचा वाडाही नव्हे. सुलतानांची राजधानी मांडूस होती. उन्हाळ्याच्या काहिलीत जीव थंड करण्यासाठी बांधलेले हे विश्रामस्थान. मध्यभागी घुमट, भोवती दालने आणि लांब ओवऱ्या, असे त्याचे रूप आहे.

परंतु महालापेक्षा पाहण्यासारखे आहे ते त्याच्या पायाशी. नदीचे पाणी बांध घालून अडविले आहे, दगडी पाटांतून वळविले आहे, आणि एका कुंडातून दुसऱ्या कुंडात, वरून खाली, उतरविले आहे. लोक या कुंडांना ‘बावन कुंड’ म्हणतात. पाट सरळ नाहीत. ते वळणे घेत जातात, मध्येच चौकोनी हौदात शिरतात, पुन्हा बाहेर पडतात. अबुल फजलने ‘आईन-ए-अकबरी’त या स्थळाचे वर्णन करताना म्हटले आहे की येथील हौदातून पाणी अखंड वाहत असते, तरी हौद भरलेलाच राहतो. त्याला हे नवल वाटले. आमच्या आठवीच्या एका विद्यार्थ्याने मात्र क्षणभर विचार करून सांगितले, “गुरुजी, जेवढे आत येते तेवढेच बाहेर जात असले पाहिजे.” उत्तर अगदी बरोबर आहे, पण तेवढेच आत यावे व तेवढेच बाहेर जावे अशी पातळी दगडात साधणे ही कोण्या गवंड्याची कर्तबगारी, आणि त्याचे नाव अबुल फजलनेही दिलेले नाही.

आता हा महाल थंड कसा होत असे? पाण्याची वाफ होण्यास उष्णता लागते. साध्या तापमानास एक ग्रॅम पाणी वाफ होताना सुमारे ५८० कॅलरी उष्णता शोषून घेते, आणि ती भोवतालच्या हवेतून व दगडातून घेते. पाणी खोल हौदात स्थिर असेल तर त्याचा वरचा थोडाच भाग हवेस लागतो. तेच पातळ पडद्यासारखे पसरून दगडावरून उतरले की बाष्पीभवन कितीतरी पटींनी वाढते. वाळ्याच्या पडद्यावर पाणी शिंपडतात त्यामागेही हेच तत्त्व आहे. मात्र त्याला कोरडी हवा लागते. माळव्याचा वैशाख कोरडा, म्हणून तेथे हे साधले. आमच्या कोकणपट्टीत एखाद्या सुलतानाने असाच महाल बांधला असता तर तो चिंब भिजून घामाघूम झाला असता!

कोकणचा विषय निघालाच आहे म्हणून थोडे विषयांतर करतो. आम्ही लहानपणी ज्या कुळागरात वाढलो, तेथेही डोंगरातील झऱ्याचे पाणी पाटाने खाली येई आणि पोफळींच्या आळ्यांतून फिरत शेवटी व्हाळास मिळे. घरात कोकणी बोलणारी आमची आजी पाटात पान सोडून पाहत असे. पान कोठे अडते तेथे माती साचली आहे असे समजावे. कालियादेहचे पाट पाहताना आम्हांला तिची आठवण झाली. येथे पोफळ नाही, आळी नाही, पीकही नाही. पाणी केवळ एका माणसाच्या सुखासाठी फिरविले आहे. पण उतार साधणारा हात तोच.

तो माणूस कसा होता, हे आता सांगितले पाहिजे. नासिरुद्दीन मद्याच्या आहारी गेलेला व क्रूर होता, याविषयी सर्व लेखकांचे एकमत आहे. पुढील कथेत मात्र मतभेद आहेत. फेरिस्ता लिहितो की सुलतान नशेत हौदात पडला असता चार दासींनी त्याला बाहेर काढून कोरडी वस्त्रे नेसविली. शुद्धीवर आल्यावर डोके दुखते असे तो म्हणाला, तेव्हा त्यांनी घडलेले सांगितले. त्या आपणांस दूषण देतात असे समजून त्याने तलवार उपसून चौघींस ठार केले. जहांगीर बादशहा आपल्या आत्मवृत्तात सांगतो की सुलतानाला एका सेवकाने केसांस धरून ओढून काढले, म्हणून त्या सेवकाचे हात तोडण्यात आले. पुढे पुन्हा सुलतान पाण्यात पडला तेव्हा कोणी पुढे झाले नाही व तो बुडाला. १६१७ साली जहांगीरच्या छावणीबरोबर असलेला इंग्रजांचा वकील सर टॉमस रो यानेही अशीच कथा ऐकली. तीत दुसऱ्या वेळी जवळ राणी होती, तिला वाचविणे शक्य होते, पण आपलेही हात जातील या भयाने ती स्वस्थ बसली.

यांतील खरे कोणते? विद्यार्थिमित्रहो, इतिहासाच्या पुस्तकात उत्तर छापलेले असते अशी तुमची समजूत असते. येथे ते तसे नाही. हे तिघेही लेखक घटनेनंतर सुमारे शंभर वर्षांनी लिहीत होते. जहांगीर तर नासिरुद्दीनवर इतका संतापलेला की, याने बापास विष दिले म्हणून, मांडूस त्याच्या कबरीस त्याने लाथ मारली व अस्थी नर्मदेत टाकविल्या. (आपल्या पित्याविरुद्ध बंड करणारा आणि मद्याचा शौकीन असा हा जहांगीर स्वतः होता, हेही ध्यानात असू द्यावे.) फेरिस्ता सुलतानाचा मृत्यू ज्वराने झाला असे सांगतो. आमचे मत फेरिस्त्याकडे झुकते. पहिल्यांदा हात तोडले, म्हणून दुसऱ्यांदा बुडाला, ही कथा फारच नेमकी जुळते. असा न्याय लोकांना हवा असतो, तो प्रत्यक्षात क्वचितच घडतो. सुलतान अंथरुणावर मेला असावा, आणि त्या चौघी मात्र हकनाक गेल्या असाव्यात.

हे सर्व आम्ही ओवरीत बसून सांगत असता नववीतील एका मुलीने विचारले, “गुरुजी, त्या चौघींची नावे काय होती?” फेरिस्त्याने ती दिलेली नाहीत, एवढेच आम्ही सांगू शकलो. ती काही बोलली नाही, पण वहीत काहीतरी लिहीत राहिली. जवळच अकबर व जहांगीर येथे येऊन गेल्याचे सांगणारे फारसी शिलालेख आहेत. मुले ते पाहावयास उठली, तरी ती लगेच उठली नाही.

पुढचा इतिहास थोडक्यात. अठराव्या शतकात उज्जयिनी शिंद्यांकडे आली. राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी महाकालाचे मंदिर पुन्हा उभारले. ते आमच्याच सारस्वतांपैकी, म्हणून त्यांचे नाव घेताना आमचा आवाज अंमळ चढतो असे मुले म्हणतात. १८१० साली दौलतराव शिंद्यांनी राजधानी ग्वाल्हेरीस नेली. पेंढाऱ्यांच्या धामधुमीत कालियादेहची नासधूस झाली. १९२० साली माधवराव शिंद्यांनी महालाची डागडुजी करविली. पण त्यालाही आता शतक लोटले आहे. आम्ही पाहिला तेव्हा गिलावा निघालेला, भिंतींवर हौशी मंडळींनी आपली नावे कोरलेली. सुलतानाच्या दासींची नावे राहिली नाहीत, यांची मात्र राहणार!

बहुतेक पाट त्या दिवशी कोरडे होते व काही कुंडांत हिरवट पाणी साचले होते. क्षिप्रा आता बारमाही वाहत नाही. २०१४ पासून नर्मदेचे पाणी उचलून तिच्यात सोडतात. एका मुलाने आपल्या बाटलीतले पाणी उतरत्या दगडावर ओतले. ते क्षणभर पातळ पसरले, खाचांतून वाट काढीत खाली गेले आणि नाहीसे झाले. मग सर्वांनीच बाटल्या ओतल्या, आणि परतताना वाटेत पाण्यासाठी गाडी थांबवावी लागली.

ज्यांना हे स्थळ पाहावयाचे असेल त्यांनी पावसाळा संपल्यावर, नदीस पाणी असताना, सकाळी जावे. भूतडी अमावास्येस मात्र बावन कुंडांवर स्नानासाठी मोठी यात्रा भरते. पिशाचबाधा येथे दूर होते अशी लोकांची श्रद्धा आहे. त्या दिवशी पाट व उतार निवांत पाहणे शक्य होत नाही.