कुणावर, कुठे, केव्हा

चि. मृण्मयीस,


हैदराबाद विद्यापीठातल्या तुमच्या वर्गात दोन तट पडलेले दिसतात. काहींना वाटतं, अभ्यासक्रमातले परदेशी संदर्भ परीक्षेपुरते घोकावेत, एरवी आपल्याला त्यांचं काय? बाकीच्यांना तिकडे छापून आलं एवढंच पुरतं. विचार करण्याचे कष्ट दोन्हीकडे टाळलेले आहेत.

हा पेच नवा नाही. त्याच शहरात उस्मानिया विद्यापीठ 1918 मध्ये स्थापन झालं. त्याच्या आदल्या वर्षीच तिथे भाषांतर विभाग सुरू झाला होता. युरोपातले इतिहास, तत्त्वज्ञान आणि विज्ञानाचे ग्रंथ उर्दूत आणायचे आणि वैद्यक, अभियांत्रिकीसुद्धा उर्दूतून शिकवायची, अशी ती धडाडी होती. बाहेरचं ज्ञान हवं, पण इंग्रजीच्या दारात ताटकळायचं नाही! मात्र नांदेड-परभणीहून आलेल्या मुलाचं काय? मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात. घरी मराठी, वर्गात उर्दू आणि पुस्तकात युरोप. 'आपलं' कुठे संपतं आणि 'परकं' कुठे सुरू होतं, हे त्या मुलाला विचारायला हवं होतं.

उस्मानियाच्या आर्ट्स कॉलेजसमोर एकदा निवांत उभी राहा. इमारत बांधण्याआधी निजामाने दोन माणसं देशोदेशीची विद्यापीठं पाहायला पाठवली होती. आराखडा अर्नेस्ट जॅस्पर या बेल्जियन वास्तुविशारदाचा, गुलाबी ग्रॅनाइट दख्खनचा. दर्शनी कमान इस्लामी वळणाची आणि आतले खांब थेट वेरूळ-अजिंठ्याची याद देणारे. 1939 मध्ये तिचं उद्घाटन झालं. बाहेरचं पाहून आलेल्यांनी घरचंही तितक्याच बारकाईने पाहिलं होतं.

तुमच्यासारख्या मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी तर फारच सावध असावं. जोसेफ हेनरिक, स्टीव्हन हाइन आणि आरा नोरेंझायन यांनी 2010 मध्ये दाखवून दिलं की, माणसाच्या मनाविषयीचे बरेचसे निष्कर्ष पाश्चात्त्य, सुशिक्षित, सधन लोकांवरच्या प्रयोगांतून निघालेले आहेत. त्यातही पुष्कळदा प्रयोगाला बसलेली मंडळी म्हणजे कॉलेजातली मुलं. या तिघांनी दिलेलं एक उदाहरण म्युलर-लायर भ्रमाचं आहे. सारख्या लांबीच्या दोन रेषा. एकीच्या दोन्ही टोकांना बाण, दुसरीच्या टोकांना उलटे बाण. उलट्या बाणांची रेषा लांब भासते. अमेरिकेतल्या विद्यार्थ्यांना हा भास जोरात झाला, कलहारीतल्या सान लोकांना जवळजवळ झालाच नाही.

हे सांगणारे तिघेही कॅनडातल्या विद्यापीठात शिकवत होते. म्हणजे तिकडच्या ज्ञानाची मर्यादा समजून घ्यायलाही तिकडचं वाचावंच लागतं.

तेव्हा बाळ, प्रत्येक निष्कर्षाशेजारी समासात लिहीत जा : कुणावर, कुठे, केव्हा. वर्गात मणिपूरची, केरळची मुलं असतील तर त्यांच्या गावात काय दिसेल ते विचार. दिवाळीला नांदेडला येशील तेव्हा पट्टीने त्या दोन रेषा आखून आजीला दाखव. शाळेची पायरी न चढलेल्या शेजारच्या काकूंनाही दाखव, आणि दोघींची उत्तरं तारखेनिशी लिहून ठेव.

तुझा
काका