गॅलरीतले वावर

(द्वितीय वर्ष, कला)

आपल्या भागात पुष्कळ घरांपुढे तुळशीवृंदावन असते. पूर्वी मोरीचे पाणी जिथे जाई तिथे अळू लावलेला असे आणि कुंपणावर दोडक्याचा नाही तर वालाचा वेल चढवलेला असे. मुद्दाम बाग करावी असे कोणाला वाटत नसे, कारण परस हीच बाग होती. आता भडगावातही भाड्याच्या खोल्या वाढल्या. परस गेले आणि त्याच्या जागी वरच्या मजल्यावरची दोन हात रुंदीची गॅलरी आली. या गॅलरीत भाजी पिकवता येते का, आणि येत असेल तर कशी, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. मी शेतकी महाविद्यालयाची विद्यार्थिनी नाही. इथे जे लिहीत आहे ते थोडे वाचलेले, थोडे घरी शिकलेले आणि बरेचसे चुकून कळलेले आहे.

आधी चूक सांगते. आमचे गावाकडे दोन एकर काळे वावर होते. ताईच्या लग्नानंतर कर्ज फिटेना म्हणून ते विकावे लागले आणि आम्ही भडगावला आलो. वडील हमाली करतात, आई निंदणी-खुरपणीला जाते. वावराचा विषय घरात निघत नाही. मागच्या वर्षी पावसाळा संपताना मी नव्या मालकाला विचारून त्याच वावरातली दोन गोण्या माती मागितली. वडिलांनी काही न बोलता ती सायकलवर लादून आणली. तेलाच्या रिकाम्या डब्यांना मी खाली छिद्रे पाडली, माती भरली, वांगी-मिरचीची रोपे लावली आणि एका डब्यात मेथी पेरली. आई म्हणाली, "माटीमाज हात घालना व्हता, तं कॉलेजले काब्रं गई?" मला उत्तर सुचले नाही.

तिसऱ्या आठवड्यात रोपे पिवळी पडून माना टाकू लागली. मला वाटले, तहानली आहेत, म्हणून मी जास्त पाणी घातले. आठ दिवसांत सगळी मेली. तेव्हा वडील गॅलरीत आले. त्यांनी एक डबा उपडा केला, ढेकूळ मुठीत दाबले, वास घेतला आणि म्हणाले, "वाफसाज नही. हाई माटी वावरनी शे, डबानी नही."

माती

वडिलांच्या त्या वाक्यात काय होते ते मला भूगोलाच्या तासाला समजले. आपली काळी माती, म्हणजे रेगूर, बेसाल्ट खडकापासून झालेली आहे. तिच्यात चिकणमातीचे अतिशय बारीक कण फार असतात. ओली झाली की ती फुगते आणि वाळली की भेगाळते. ती ओल दीर्घकाळ धरते म्हणून शेतात कापूस तिच्यावर तग धरतो. तेथे जादा पाणी खाली मुरायला खोल थर असतो, भेगा असतात, गांडुळे असतात. डब्यात यांपैकी काहीच नाही. माती पाणी धरून बसते, तळाशी चिखल होतो, मुळांना हवा मिळत नाही आणि ती कुजतात. कुजलेले मूळ पाणी ओढू शकत नाही, म्हणून वरचे रोप तहानलेले दिसते आणि आपण त्याला आणखी पाणी घालतो. शेतकरी ज्याला वाफसा म्हणतो तो मातीत ओल आणि हवा दोन्ही असण्याचा बेत आहे. कुंडीतही तोच साधावा लागतो.

म्हणून कुंडीची माती तयार करावी लागते. आम्ही आता एक भाग माती, एक भाग पूर्ण कुजलेले शेणखत आणि एक भाग वाळलेला पालापाचोळा किंवा रसवंतीवरचे उसाचे चिपाड बारीक करून कुजवलेले, असे मिश्रण करतो. कच्चे शेण घालू नये, मुळे पोळतात. तळाला खडीचा थर द्यावा म्हणजे निचरा होतो असे सर्रास सांगतात, ते बरोबर नाही. बारीक माती पुरती भिजल्याशिवाय तिच्यातले पाणी खडीत उतरत नाही आणि मुळांची जागा मात्र कमी होते. छिद्रावर खापराचा एक तुकडा पुरे.

या विषयात महाराष्ट्रात मोठे काम झाले आहे. कोल्हापूरचे श्रीपाद अच्युत दाभोळकर (1924-2001) हे मूळचे गणिताचे प्राध्यापक. त्यांनी 'प्रयोग परिवार' उभा केला. शेतकऱ्याने आणि साध्या गृहस्थानेही स्वतः प्रयोग करावा, नोंद ठेवावी आणि ती एकमेकांना सांगावी, हा त्याचा पाया होता. थोड्या मातीत घरचा काडीकचरा कुजवून गच्चीवरही पीक घेता येते हे त्यांनी लोकांना पटवले. पुढे 2002 साली मुंबई पोर्ट ट्रस्टच्या उपाहारगृहातील अधिकारी प्रीती पाटील यांनी दाभोळकरांच्या पद्धतीवरून तेथील स्वयंपाकघराच्या गच्चीवर बाग सुरू केली. स्वयंपाकघरातला ओला कचरा हेच तिचे खत. मुंबईत जे कचऱ्यातून झाले ते भडगावात का होऊ नये? आपल्याकडे तर शेण, भुसा आणि पाचोळा अजून मिळतो.

पातळ खताची एक सोपी रीतही याच मंडळींकडून पसरली. दहा लिटर पाण्यात एक किलो ताजे शेण, एक लिटर गोमूत्र आणि 50 ग्रॅम काळा गूळ कालवावा. तीन दिवस झाकून रोज ढवळावे. नंतर एका भागाला दहा भाग पाणी मिसळून कुंडीत द्यावे.

पाणी आणि ऊन

पाणी देण्याचे वेळापत्रक नसते. मातीत बोट दोन पेरे घालावे. ओल लागली तर पाणी देऊ नये. आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, म्हणून तांदूळ-डाळ धुतलेले पाणी आम्ही कुंड्यांना ठेवतो. साबणाचे घालत नाही.

खानदेशातला खरा शत्रू मे महिना. पारा 45 अंशांच्या आसपास जातो आणि पत्र्याचा डबा तव्यासारखा तापतो. मातीची कुंडी रांजणाप्रमाणे पाझरून थंड राहते, म्हणून ती उत्तम. डबेच असतील तर त्यांना चुना लावावा, भोवती ओले गोणपाट गुंडाळावे, वर पाचोळ्याचे आच्छादन द्यावे आणि दुपारी जुन्या लुगड्याची सावली करावी. पश्चिमेची गॅलरी असेल तर उन्हाळ्यात पालेभाजीचा हट्ट धरू नये.

वजनाचाही विचार हवा. एक घनफूट ओल्या मातीचे वजन 50 किलोच्या आसपास भरते. जड कुंड्या कठड्याकडे न ठेवता भिंतीलगत ठेवाव्यात आणि घरमालकाला आधी विचारावे.

काय लावावे

सुरुवात मेथीने करावी. सहा इंच खोल पसरट भांडे आणि तीन-चार तास ऊन पुरते. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा तिचा काळ. चार-पाच दिवसांत उगवते आणि महिन्याच्या आत खुडता येते. मेथी कडधान्याच्या कुळातली असल्यामुळे तिच्या मुळांवरच्या गाठींतील जिवाणू हवेतला नत्र साठवतात. तेव्हा ती उपटू नये, कापून मुळे मातीतच ठेवावीत. कोथिंबिरीसाठी धने रगडून दोन फाकी कराव्यात आणि रात्रभर भिजत घालावेत. पुदिना बाजारातल्या जुडीच्या काडीवरून लागतो. गवती चहाचे एक ठोंब शेजारणीकडून मागून आणावे.

मिरची, वांगी, टोमॅटो यांना बारा ते पंधरा इंच खोली आणि सहा तास ऊन हवे. कडक उन्हाळ्यात टोमॅटोची फुले गळतात, त्यात आपला दोष नसतो. भरिताचे वांगे ही आपल्या जिल्ह्याची शान. जळगावच्या भरीत वांग्याला 2016 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. परंतु डब्यात त्याची चार-पाच फळे आली तरी समाधान मानावे. फळझाडांत कागदी लिंबू कुंडीत येते, पण कुंडी दीड फूट खोल हवी. कलमाचे रोप बियांच्या रोपाच्या मानाने पुष्कळ लवकर फळते.

हिशेब

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने हिशेब टाळू नये. नऊ डब्यांनी आमचे पोट भरत नाही. हिवाळ्यात मेथी सहा वेळा खुडली, कोथिंबीर जवळजवळ विकत घेतली नाही, मिरच्या घरापुरत्या झाल्या. पैशात मांडले तर फार मोठी बचत नाही. गॅलरीत पिकवून शेतीचा प्रश्न सुटतो असे कोणी म्हणेल तर ते खोटे आहे. वावर गेलेल्या माणसाला नऊ डबे म्हणजे वावर नव्हे.

पण एक गोष्ट हिशेबात बसत नाही. वडील संध्याकाळी हमालीवरून आले की आता आधी गॅलरीत जातात, माती मुठीत दाबून पाहतात आणि मला सांगतात, आज पाणी नको. पेरणीच्या, पावसाच्या, जुन्या बियाण्यांच्या गोष्टी निघतात. मी त्या वहीत लिहून ठेवते. सही करण्यापुरतेच लिहिता येणाऱ्या माणसाजवळ इतके ज्ञान आहे हे एवढी वर्षे एका घरात राहूनही मला ठाऊक नव्हते.

आईच्या प्रश्नाचे उत्तर आता देता येईल. मातीत हात घालण्यासाठी कॉलेजला जावे लागत नाही हे खरे. परंतु वडिलांच्या एका शब्दात किती शास्त्र आहे ते ओळखायला मला कॉलेजात यावे लागले. माझ्या वर्गातल्या अनेक मित्रमैत्रिणींच्या घरी असे गुरू आहेत. त्यांनी एक डबा, मूठभर मेथी आणि एक वही घेऊन सुरुवात करावी, एवढीच विनंती करून लेखणी थांबवते.