निळे-हिरवे शेवाळ आणि अंगावरची सूज



पालकसभेत हल्ली आम्हाला अभ्यासाच्या बरोबरीने स्पिरुलिनाविषयी विचारले जाते. कुणी आजीच्या गुडघ्यांसाठी त्या हिरव्या पुडीचा डबा आणला आहे, तर कुणी ती पूड सुरू करून डॉक्टरांच्या गोळ्या बंद करण्याच्या विचारात आहे. म्हणून या अंकातला विज्ञानाचा पाठ या शेवाळावर.

आम्ही पदवीपर्यंत हिंदी माध्यमातून शिकलो. तिथे 'नील-हरित शैवाल' असे पाठ केले होते, मराठीतही आपण शेवाळच म्हणतो. प्रत्यक्षात हे जीवाणू आहेत, सायनोबॅक्टेरिया. यांच्या पेशीत केंद्रक नसते, पण सूर्यप्रकाशात अन्न तयार करण्याची कला यांना अवगत आहे. सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वी पृथ्वीच्या हवेत प्राणवायू साठू लागला तो यांच्यामुळे. बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवराच्या खाऱ्या पाण्याला हिरवा रंग येतो त्यातही स्पिरुलिनाचा मोठा वाटा आहे.

आता सुजेकडे वळू. खेळताना पाय मुरगळला की तो लाल होतो, गरम लागतो, सुजतो आणि ठणकतो. हा दाह म्हणजे शरीराने हाती घेतलेले दुरुस्तीचे काम. त्याचा निरोप पोहोचवणारी प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायने 'कॉक्स' हे विकर तयार करते. ॲस्पिरिन हेच काम अडवते, असे जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये दाखवले. पुढे कळले की कॉक्स दोन प्रकारचे आहे. कॉक्स-१ जठराच्या अस्तराचे रक्षण करते, कॉक्स-२ मुख्यतः दाहाच्या वेळी वाढते. ॲस्पिरिन दोघांनाही अडवते, म्हणूनच ती गोळी उपाशीपोटी घेऊ नका असे सांगतात.

इथे आपल्या शहराचा संबंध येतो. स्पिरुलिनात फायकोसायनिन नावाचे निळे प्रथिन असते. क्यूबातील संशोधकांनी १९९८ मध्ये दाखवले की ते दिल्यावर उंदरांच्या कानांची व पंजांची सूज कमी होते. २००० मध्ये हैदराबाद विद्यापीठ आणि बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील संशोधकांनी त्याचे एक कारण पुढे आणले: हे प्रथिन कॉक्स-२ ला निवडून अडवते.

मग गोळ्या बंद कराव्यात का? मुळीच नाही. परीक्षानळीत दिसलेला गुण माणसाच्या गुडघ्यात तसाच दिसेल असे नसते. प्रथिन पोटात गेले की पचू लागते. शिवाय कॉक्स-२ निवडून अडवणारे रोफेकॉक्सिब हे औषध हृदयविकाराचा धोका वाढल्यामुळे २००४ मध्ये बाजारातून काढून घ्यावे लागले. माणसांवरचे प्रयोगही झाले आहेत. २००८ मध्ये तुर्कस्तानात ॲलर्जीच्या सर्दीवर स्पिरुलिनाने शिंका व नाक चोंदणे कमी झाल्याचे आढळले. पण गुडघेदुखीत डॉक्टरांच्या औषधाची जागा ही पूड घेऊ शकेल, इतका पुरावा नाही. अन्न म्हणून खायची तर खुशाल खा, तिच्या वजनाच्या सुमारे ६० टक्के प्रथिनच असते. मात्र तिच्यातले बहुतेक बी-१२ आपल्या शरीराला उपयोगी पडत नाही, हे शाकाहारी घरांनी ध्यानात ठेवावे.

फायकोसायनिन डोळ्यांनी पाहायचे असेल तर चमचाभर पूड पेलाभर थंड पाण्यात रात्रभर ठेवा आणि सकाळी सुती कापडाच्या तीन-चार घड्यांतून गाळा. खाली निळे पाणी येईल. त्यातले थोडे परीक्षानळीत घेऊन, शिक्षकांच्या देखरेखीखाली, ती नळी उकळत्या पाण्यात धरा. निळा रंग फिका पडतो, कारण उष्णतेने प्रथिनाची घडी मोडते.

या जीवाणूंच्या काही जातींत विषही असते, आणि त्याची गोष्ट उलटी आहे. उन्हाळ्यात हुसेनसागराच्या काठाला जो हिरवा थर जमतो, तशा थरात मायक्रोसिस्टिस असू शकतो. त्याचे मायक्रोसिस्टिन हे विष यकृतावर घाला घालते. ब्राझीलमधील कारुआरू येथे १९९६ मध्ये डायलिसिसच्या पाण्यातून ते रुग्णांच्या रक्तात गेले आणि ५० हून अधिक माणसे दगावली. पिण्याच्या पाण्यात ते लिटरमागे एक मायक्रोग्रॅमहून अधिक नसावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. औषधी निळा रंग उकळल्याने जातो, हे विष उकळूनही जात नाही. तेव्हा तळ्याचा हिरवा थर गोळा करून घरच्या घरी 'स्पिरुलिना' वाळवण्याची जी कल्पना आठवीच्या काही मुलांनी आमच्यापुढे मांडली, तिला आम्ही परवानगी दिलेली नाही.