नीटचा तिसरा प्रयत्न आणि बाटलीतली आमरी

नीटचा निकाल लागला की समुपदेशकांचे फोन वाजू लागतात आणि प्रश्न दरवर्षी तेच असतात. 'आणखी एक वर्ष ड्रॉप घ्यावा का?' 'एमबीबीएस हुकलं, मग बायोटेक तरी चालेल ना?' विचारणारे बहुतेक वेळा आईवडील असतात. ज्याचं वर्ष जाणार, ते मूल शेजारी गप्प बसलेलं असतं.

मुलाला नको असताना त्याला तिसऱ्यांदा नीटला बसवू नये. लोक काय म्हणतील या धास्तीपोटी त्याची उमेदीची वर्षं खर्ची पडतात. नाव भारदस्त वाटतं म्हणून बायोटेक घेणंही तितकंच चुकीचं. फार्मसी, नर्सिंग, बीएस्सी अ‍ॅग्री हे रस्ते सगळ्यांना ठाऊक आहेत. बॉटनीचं नाव काढलं की मात्र घरात सुतकी शांतता पसरते.

याच बॉटनीतलं एक काम म्हणजे नामशेष होऊ घातलेल्या आमरी, म्हणजे ऑर्किड, टिश्यू कल्चरने, म्हणजे प्रयोगशाळेत बाटलीतल्या पोषक माध्यमावर, वाढवणं. आमरीचं बी धुळीसारखं बारीक असतं. एका शेंगेत ते हजारोंनी भरतं, पण अंकुराला पुरेल असा अन्नसाठा त्यात नसतो. रानात ठरावीक बुरशीची साथ मिळाली तरच ते रुजतं. १९२२ मध्ये अमेरिकेत लुईस नड्सन यांनी साखर आणि क्षार घातलेल्या अगारवर ते बुरशीविना रुजवून दाखवलं.

आज न उकललेली हिरवी शेंग निर्जंतुक करून लॅमिनारमध्ये, म्हणजे गाळलेल्या हवेच्या कपाटात, स्पिरिटच्या दिव्याशेजारी चिरतात. आतली बारीक पूड चिमट्याने बाटलीतल्या मीडियावर पसरतात. काही आठवड्यांनी हिरवे ठिपके दिसू लागतात. हात जरा चुकला तर बाटलीत बुरशी माजते आणि सगळं फेकून द्यावं लागतं. पुढे बाहेरच्या हवेची सवय व्हावी म्हणून कोळसा आणि नारळाच्या सोडणात हार्डनिंग करताना बरीच रोपं दगावतात. संवर्धनासाठी शक्यतो बियांपासूनच रोपं करतात, कारण एकाच झाडाच्या हुबेहूब प्रती रानात लावल्या तर एकाच रोगाने सगळ्या जाऊ शकतात.

इंग्लंडमध्ये 'लेडीज स्लिपर' ही आमरी संपली असंच धरून चालले होते. १९३० मध्ये यॉर्कशायरमध्ये तिचं एकच झाड सापडलं आणि त्याचा ठावठिकाणा गुप्त ठेवला गेला. क्यू उद्यानाच्या प्रयोगशाळेत वाढवून रानात लावलेल्या रोपाला २००० मध्ये पहिलं फूल आलं. केरळात पालोडच्या संशोधन संस्थेने इप्सिया मलबारिका ही दुर्मीळ आमरी अशीच बाटलीतून जंगलात परत नेली.

पोट भरेल का? आमरीसंवर्धनात कायम पदं मोजकी आहेत आणि प्रकल्पातल्या नेमणुका मुदतीच्या असतात, हे पालकांपासून लपवू नये. पण जळगावची टिश्यू कल्चर केळी, बांबू, जरबेरा यांच्या प्रयोगशाळांना हाच बसलेला हात लागतो. संशोधनाकडे जायचं तर बीएस्सी, एमएस्सी, मग नेट परीक्षा. ऑर्किडवरचं राष्ट्रीय संशोधन केंद्र सिक्कीममध्ये पाक्योंगला आहे.

प्रवेशाआधी कॉलेजात जाऊन विचारावं: टिश्यू कल्चर लॅब खरोखर चालू आहे का? विद्यार्थ्यांना स्वतः लॅमिनारवर बसू देतात, की लांबूनच दाखवतात? हे विचारायला मुलालाच आत पाठवावं. पालकांनी बाहेर थांबावं.