झावळ्यांचा रविवार आणि माडाचा कोंब



झावळ्यांच्या रविवारी आपण हाती झावळी घेऊन प्रभूच्या यरुशलेम-प्रवेशाची आठवण करतो. चारही शुभवर्तमानांत हा प्रसंग आहे, पण खजुरीच्या झाडाचे नाव फक्त योहान घेतो. ती तिथली झाडे. गोव्यात आपल्या हाताशी माड आहे. पातीचे क्रूस विणणे ही सुंदर रीत आहे, ती सोडू नये. मात्र तिच्यापायी माड दुखावू नये, एवढेच आज सांगायचे आहे.

विणायला मऊ, पिवळसर पाती हवी म्हणून मुले आदल्या दिवशी शेंड्यातले न उमललेले पान ओढून काढतात. ठेंगण्या, कोवळ्या माडावर हे संकट आधी येते. आंब्याची फांदी तोडली तर दुसरी फुटते. माडाला फांदी नाही. त्याला वाढीचा कोंब एकच, आणि तो त्या पानाच्या बुडाशी असतो. कोंब निखळला की माड मेला. कोंब वाचला तरी तिथे जखम राहते. ताज्या जखमेच्या वासावर सोंड्या भुंगा येतो, तिथे अंडी घालतो आणि त्याच्या अळ्या माड आतून पोखरतात. साठ वर्षे फळ देणारे झाड एका सकाळच्या शोभेसाठी जाते.

मग पाती कुठून आणावी? चांगल्या माडाला महिन्याला साधारण एक झावळी येते आणि प्रत्येक झावळीच्या बगलेत एक पोय. म्हणून वरच्या झावळ्यांना हात लावू नये. पाडेली नारळ काढायला चढेल तेव्हा, जिचा घड उतरला आहे अशी सर्वांत खालची एक झावळी त्याच्याकडून मागून घ्यावी. ती हिरवी असेल तर खोडापासून 120 सें.मी. देठ ठेवून कापावी, म्हणजे भुंग्याला खोडाजवळ वाट मिळत नाही. एका झावळीला दोनशेच्या आसपास पाती असतात. शंभर क्रूस सहज होतात. एका वाड्याला एक झावळी पुरे.

जून पाती ताठ असते. ती रात्रभर पाण्यात भिजवावी, सकाळी पुसून मधला हीर काढावा. एका पातीच्या दोन पट्ट्या होतात. एक पट्टी मधोमध दुमडून दुहेरी करावी; हा उभा खांब. दुसरी पट्टी खांबाच्या वरच्या तिसऱ्या भागावर मागून लावावी, टोके पुढे आणून फुली घालावी, मागे नेऊन तिथेही फुली घालावी. मग एक टोक उजवीकडे, एक डावीकडे काढावे. तीन बोटांवर दुमडून परत आणावे आणि मागच्या फुलीत खोवावे. उरलेले कात्रीने कापावे. लहान मुलांच्या हाती कोयता देऊ नये.

घाटावरच्या ज्या गावांत माड नाही, तिथे शिंदी शोधून तिचा शेंडा तोडू नये; तिलाही कोंब एकच. दुसऱ्या झाडाची हिरवी डहाळीही आशीर्वादित करता येते, चर्चची तशी मुभा आहे.

वर्षभर घरात ठेवलेला क्रूस पुढच्या राखेच्या बुधवाराआधी चर्चमध्ये आणून द्यावा. त्याचीच राख आपल्या कपाळी लागते. त्या दिवशी ज्या माडाची पाती घेतली, तो माड परसात उभा असावा, नव्या पोयीसह.