मागच्या चाकाची पकड : सायकल ट्रायल्सचे तंत्र आणि सुट्या भागांची निवड

सायकल ट्रायल्स या खेळात वेगाला फारसे स्थान नाही. खडक, ओंडके, सिमेंटचे ठोकळे किंवा एकावर एक रचलेली लाकडी पॅलेट यांच्यावरून, पाय जमिनीला न टेकवता, सायकल पलीकडे न्यायची असते. पाय टेकला की दंड लागतो आणि असे पाच दंड झाले की त्या टप्प्यातली खेळी तिथेच संपते. स्पेनच्या कॅटालोनिया प्रांतात मोटरसायकलवरच्या ट्रायल्स आधीच रुजलेल्या होत्या. तेथील नामवंत स्वार पेरे पी यांनी त्याच कसरती आपल्या मुलाला, ओट पी याला, लहान सायकलवर शिकवल्या, त्यातून या खेळाला स्वतंत्र वळण मिळाले आणि हाच मुलगा पुढे अनेकदा जगज्जेता ठरला. आंतरराष्ट्रीय स्पर्धांत आज २० इंची आणि २६ इंची चाकांचे वेगळे गट असतात. २००९ मध्ये डॅनी मॅकअस्किल या स्कॉटिश स्वाराची एडिंबरामध्ये टिपलेली चित्रफीत जगभर पाहिली गेली आणि स्पर्धेचे तोंडही न पाहिलेली असंख्य मुले आपापल्या गल्लीत सायकल उडवू लागली.

गुरूवाचून, केवळ चित्रफिती पाहून शिकणाऱ्यांचे अनुभव ताडून पाहिले, तर त्यांत दोन चुका पुन्हापुन्हा आढळतात. शिकण्याचा क्रम चुकतो आणि खर्चाचाही क्रम चुकतो. दोहोंचे मूळ एकच आहे : पाहणाऱ्याच्या डोळ्यांत उडीची उंची भरते, आणि ती उंची ज्याच्या भरवशावर गाठली जाते ते जागच्या जागी घट्ट थांबलेले मागचे चाक मात्र नजरेतून निसटते.

पहिला धडा सायकल उभी ठेवण्याचा आहे. दोन्ही पायडल जमिनीला समांतर ठेवून, बसकणीवरून उठून, पुढचे चाक किंचित वळवून स्थिर उभे राहता आले पाहिजे. या स्थितीत जो पाय आपोआप पुढे राहतो तो स्वाराचा पुढचा पाय. तो उजवा असो वा डावा, पुढच्या सर्व कसरती त्याच्याच जोरावर होतात, म्हणून तो मध्येच बदलण्याचा खटाटोप करू नये. त्यानंतर दोन्ही ब्रेक दाबून दोन्ही चाकांवर जागच्या जागी उड्या मारणे, पुढचे चाक उचलून डावी-उजवीकडे ठेवणे, फुटपाथच्या कडेएवढ्या उंचीवर चढणे-उतरणे हे टप्पे येतात. हा भाग कंटाळवाणा आहे हे खरे, आणि बहुतेक शिकाऊ स्वार तो उरकून टाकतात हेही खरे.

खरी कसोटी मागच्या चाकावर उभे राहून उड्या मारण्यात लागते. या कसरतीत मागचा ब्रेक पूर्ण आवळलेला असतो, हात जवळजवळ सरळ, कंबर मागच्या आसाच्या वर आणि गुडघे सैल असतात. टायर दाबला जाऊन उसळतो त्या क्षणी स्वार अंग वर उचलतो आणि उसळी वाया जाऊ न देता पुन्हा तोलावर येतो. शिकाऊ स्वार हात आखडून हॅन्डल छातीशी ओढतो, त्यामुळे अंग आसाच्या पुढे राहते आणि पुढचे चाक दोन-तीन उड्यांत खाली येते. अंग पुढे झुकू लागले की ब्रेक क्षणभर सोडून पायडलला छोटासा हिसका द्यायचा आणि लगेच ब्रेक आवळायचा, म्हणजे सायकल पुन्हा अंगाखाली येते. हाच हिसका मोठा केला की सायकल पुढे झेप घेते, आणि एका दगडावरून दुसऱ्या दगडावर जाणे किंवा उंचावर चढणे हे त्याच हिसक्याचे विस्तार आहेत. म्हणून ब्रेक सोडणे, पाय मारणे आणि ब्रेक आवळणे या तीन क्रियांचा मेळ सपाट जमिनीवर बसेपर्यंत उंचीच्या नादी लागण्यात अर्थ नाही.

अंग मागे गेले तर वेगळे धोरण लागते. तेव्हा सायकल वाचवण्याच्या फंदात न पडता ती हाताने पुढे ढकलून द्यावी आणि दोन्ही पाय मागे जमिनीवर टाकावेत. हे उतरणे मुद्दाम शिकावे लागते. गवतावर, हळूहळू, मुद्दाम तोल घालवून. पायडलमध्ये पाय अडकवणारे बूट या खेळात वापरत नाहीत, त्याचे एक कारण हेच. हेल्मेट आणि नडगीचे संरक्षक कवच यांवर वाद नसावा, कारण पायडलच्या खिळ्यांनी नडगी सोलवटून निघाली नाही असा ट्रायल्सचा स्वार क्वचितच सापडेल. मात्र कवचावर विसंबून उंची वाढवणे हा वेगळाच धोका आहे. मार्टिन ॲश्टन हा ब्रिटनचा अत्यंत कसलेला स्वार २०१३ मध्ये सिल्व्हरस्टोन येथील प्रात्यक्षिकात उंचावरून पडला आणि मणक्याच्या दुखापतीने त्याचे कमरेखालचे शरीर लुळे पडले. ज्याच्या हातात आयुष्यभराचे कौशल्य होते त्याच्याही बाबतीत हे घडले, ही गोष्ट उंची ठरवताना ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

आता सुट्या भागांकडे वळता येईल. खर्चाची सुरुवात मागच्या ब्रेकपासून व्हावी, असे येथे ठामपणे सुचवावेसे वाटते. ट्रायल्सच्या सायकलींवर बराच काळ मागुरा कंपनीचा एचएस ३३ हा रिमला धरणारा हायड्रॉलिक ब्रेक, म्हणजे तारेऐवजी तेलाच्या दाबाने गुटके रिमवर दाबणारा ब्रेक, मोठ्या प्रमाणावर वापरला गेला आहे. त्याची पकड वाढावी म्हणून रिमच्या कडा ग्राइंडरने खरबरीत करतात. गुटके त्यामुळे लवकर झिजतात, पण ओल्या रिमवरही चाक थांबते. ग्राइंडर चालवताना डोळ्यांवर चष्मा हवा, आणि रिमची कड आधीच पातळ झाली असेल तर हा प्रयोग करू नये. ब्रेकच्या जोराने सायकलीच्या मागच्या दांड्या बाहेरच्या बाजूला फाकतात, म्हणून त्यांना जोडणारी नालाच्या आकाराची पट्टी बसवतात, तिला बूस्टर म्हणतात. या ब्रेकमध्ये खनिज तेल असते. मोटारीच्या ब्रेकचे डॉट तेल त्यात घातले तर आतले रबर फुगून खराब होते, आणि जवळच्या गॅरेजमध्ये 'तेल ते तेलच' असे सांगणारा कोणी ना कोणी भेटतोच. लीव्हर एका बोटाने दाबता येईल असा लावावा, कारण उरलेली बोटे हॅन्डल धरण्यासाठी मोकळी राहायला हवीत.

ब्रेक पुरेसा आहे की नाही हे पाहण्याची एक साधी रीत आहे. पुढचे चाक भिंतीला टेकवून, मागचा ब्रेक एका बोटाने आवळून, पुढच्या पायडलवर संपूर्ण वजन टाकावे. मागचे चाक बोटभरही सरकले, तर त्या दिवशी जमीन सोडू नये. चाक सरकले की पुष्कळदा दोष लीव्हरला दिला जातो, पण गुटक्यांवर चढलेली चकाकी, रिमला लागलेले तेल किंवा तेलवाहिनीत शिरलेली हवा हीच कारणे बहुधा सापडतात.

ब्रेकनंतर क्रम येतो फ्रीव्हीलचा आणि चेनचा. फ्रीव्हील म्हणजे पायडल थांबवले तरी चाक फिरत राहू देणारी खाचांची यंत्रणा. साध्या सायकलीत ती मागच्या चाकावर असते. ट्रायल्समध्ये ती पुढे, उजव्या क्रँकवर, म्हणजे पायडल ज्या दांडीला जोडलेले असते तिच्यावर, चढवतात. मागच्या फ्रीव्हीलचे दाते फार कमी करता येत नाहीत, पण फ्रीव्हील पुढे नेले की मागे १२ किंवा १५ दात्यांचे साधे चक्र बसते, त्यामुळे पुढचे चक्रही १८ दात्यांइतके लहान ठेवता येते आणि सायकलीच्या पोटाखाली दगडासाठी जागा उरते. फ्रीव्हील एका फेऱ्यात किती ठिकाणी अडकते, हा आकडा निवडीत महत्त्वाचा आहे. १८ ठिकाणी अडकणाऱ्या फ्रीव्हीलमध्ये पायडल २० अंशांपर्यंत रिकामे फिरू शकते. ७२ ठिकाणी अडकणाऱ्यात ५ अंश, तर १०८ ठिकाणी अडकणाऱ्यात जेमतेम ३.३ अंश. हिसका द्यायच्या क्षणी पाय २० अंश पोकळीत गेला, तर उडीची वेळ चुकणारच. या रचनेत चाक फिरत असेपर्यंत चेनही फिरत राहते. सायकल उलटी करून चाक फिरवताना बोटे चक्राजवळ नेऊ नयेत.

चेन तुटणे हा या खेळातला सर्वांत वाईट अपघात. पूर्ण जोराने मारलेला पाय एकाएकी निराधार होतो आणि गुडघा हॅन्डलच्या दांड्यावर आपटतो. म्हणून चेनची प्रत्येक कडी उजेडात धरून पाहावी. पट्टीला चीर दिसली, कडी वाकलेली किंवा अडखळणारी असली, तर दुरुस्तीच्या भानगडीत न पडता चेनच बदलावी. चेनच्या मानाने हलके पायडल, भोके पाडलेल्या रिमा, टायटॅनियमचे बोल्ट हे चोचले आहेत. दोन-तीनशे ग्रॅम वाचल्याने शिकाऊ स्वाराची उडी वाढत नाही.

टायरबाबत इतकेच, की मागचा रुंद असावा आणि हवा साधारण २० पीएसआयच्या आसपास, स्वाराच्या वजनानुसार थोडी कमी-अधिक. दगडाच्या धारेवर रिम ठोकली जाऊ लागली की हवा वाढवावी.

महाराष्ट्रात खास ट्रायल्सची सायकल दुकानात सहसा मिळत नाही, त्यामुळे सुरुवात बहुधा गिअरच्या माउंटन बाइकवर होते. तोल, चाक उचलणे आणि कडेवर चढणे हे त्या सायकलीवर नक्की शिकता येते, बसकण अगदी खाली केली म्हणजे झाले. मात्र तिचा स्प्रिंगचा चिमटा उडीचा जोर गिळून टाकतो, आणि गिअरचा मागचा सांगाडा पहिल्याच दगडाला वाकतो. पावसाळ्यात शेवाळलेल्या कातळावर तर कोणतीच सायकल नको. पुढे परदेशातून जुनी सायकल किंवा नुसती फ्रेम मागवायची झाली, तर विक्रेत्याकडून लांबून काढलेल्या रुबाबदार छायाचित्राऐवजी तीन जागांची जवळून काढलेली छायाचित्रे मागावीत : चिमटा जिथे फ्रेममध्ये शिरतो त्या नळीचा खालचा सांधा, क्रँकच्या नळीभोवतीचे वेल्डिंग आणि ब्रेक बसवायच्या बोल्टचे आटे. अॅल्युमिनियमची चीर रंगाखाली केसासारखी दिसते. शंका आल्यास ती जागा कापडाने पुसून पुन्हा छायाचित्र मागावे, आणि ते द्यायला टाळाटाळ झाली तर व्यवहार तिथेच सोडून द्यावा.