ध्वनिमुद्रित वग आणि त्याचा पुनःप्रयोग : ‘गाढवाचं लग्न’

लोकरंगभूमीवरील संगीतप्रधान प्रयोगांच्या ध्वनिमुद्रणाचा प्रश्न हा मूलतः संहितेचा प्रश्न आहे. जुन्नर तालुक्यातील नारायणगाव हे तमाशाचे प्रमुख केंद्र होय. यात्रांच्या हंगामापूर्वी तेथे फडांच्या राहुट्या पडतात आणि जुन्नर, आंबेगाव तसेच दूरदूरच्या गावांचे लोक सुपारी ठरविण्यास येतात. प्रयोग ठरतो तो एका गावासाठी, एका रात्रीसाठी. वगाचे स्वरूप या व्यवहारातूनच घडलेले आहे.

हरिभाऊ वडगावकरांचे ‘गाढवाचं लग्न’ या दृष्टीने अभ्यसनीय ठरते. सावळ्या कुंभाराच्या घरचे गाढव हा वस्तुतः शापित गंधर्व असून त्याचा राजकन्येशी विवाह होतो, हे कथासूत्र स्थिर आहे. दादू इंदुरीकरांचा सावळ्या आणि प्रभा शिवणेकरांची गंगी मात्र उभी राहिली ती हजरजबाबी संवादांतून. १९७३ साली संगीत नाटक अकादमीने इंदुरीकरांचा गौरव केला, तो अशा जिवंत रंगकर्माचा होता.

‘कट्यार काळजात घुसली’शी तुलना उद्‌बोधक ठरेल. १९६७ च्या या नाटकातील जितेंद्र अभिषेकींच्या स्वररचना निश्चित होत्या. त्यामुळे वसंतराव देशपांडे यांचे ध्वनिमुद्रित गायन पुढील पिढीस आधारभूत झाले आणि २०१० मध्ये राहुल देशपांडे यांनी ते नाटक पुन्हा रंगभूमीवर आणले. वगात याच्या उलट घडते. ध्वनिफितीत ढोलकी, तुणतुणे व झीलकऱ्यांचे सूर टिकतात, प्रेक्षकांचे हसूही टिकते, परंतु हसण्याचे कारण हरवते. ते कधी मुद्रेत असते, तर कधी गावच्या ताज्या घटनेवरील शेऱ्यात. ती फीत ऐकून भूमिका बसविणारा नट वाक्याबरोबर त्यामागील विरामही पाठ करतो. वास्तविक तो विराम त्या रात्रीच्या प्रेक्षकांनी घडविलेला असतो.

म्हणून कोणतीही एक फीत ही वगाची प्रमाण संहिता मानता येत नाही. ती एका रात्रीचा पाठभेद होय. मुद्रणासोबत गाव, तिथी, निमित्त, साथीदार आणि स्थानिक संदर्भ नोंदविणे अगत्याचे आहे. विठाबाई नारायणगावकर २००२ मध्ये निवर्तल्या. त्या पिढीचे प्रयोग पाहिलेले प्रेक्षक जोवर हयात आहेत, तोवरच फितीतील हसण्याचा अर्थ सांगणारे कोणी उरेल.